गाडीच्या आठ गाठी

त्या दिवशी घरी कोन-कोन होतं ते आधी सांगून टाकतो, कारन आता त्यातलं माह्याशिवाय कोनी राह्यलं नाही. मी होती. आमचे घरधनी होते. त्याईचं नाव मी जिंदगीत कधी घेतलं नाही, इथंही घेत नाही, "हे" म्हनतो तं समजून घ्या. माही सासू होती, त्याईले मी आत्याबाई म्हनो. सासरे होते, ते मामाजी. सुईन होती, गावातल्या अर्ध्या लोकाईची नाळ तिनंच कापली. लोहार होता, पन तो आंगनात, गाडीजवळ. अन् एक माह्या पोटात होती. तिले पन मोजतो. सात जन झाले.

मी तिसरी शिकली. लिहिता येते पन हात लवकर दुखते, म्हनून थांबून-थांबून लिहून राह्यली. चुकलं असन तं चालवून घ्या.

आमचं गाव राजेगावच्या आतल्या बाजूले, शेताच्या रस्त्यानं अर्धा कोस. राजेगावले आलं की रोड, अन् रोडानं बालाघाट सात-आठ कोस. बस सकाळी एक अन् दिवस बुडाच्या आधी एक. मधात काही नाही. माह्या लग्नाले सहा वर्सं झाले होते अन् दोन लेकरं गेले होते. पहिलं घरातच गेलं. दुसऱ्याच्या वेळी बैलबंडीत टाकून बालाघाटच्या दवाखान्यात न्यायले निघाले, तं अर्ध्या रस्त्यात बंडीतच झालं, अन् रडलं नाही. मी त्याले पाह्यलं नाही. आत्याबाईनं लुगड्यात गुंडाळून घेतलं. बैल तसेच बालाघाटकडं चालून राह्यले होते, कारन त्याईले थांब म्हनाचं कोनाच्या ध्यानातच आलं नाही.

तवापासून ह्याईचं बोलनं कमी झालं. जेवले का म्हनलं तं हौ, निजता का म्हनलं तं हौ.

हे एका मँगनीजच्या ठेकेदाराकडं डायवर होते. ठेकेदाराची मोठी लांब जीप घाटात उलटली. नवीच होती, दोन-तीन वर्साची. वरचं सारं चेपून पापड झालं, पन खालची चेसी, म्हनजे गाडीचा हाडाचा सांगाडा, तो साबूत होता. इंजन साबूत, चाकं साबूत. ठेकेदार म्हने, "तेरे काम की है तो ले जा. मेरे को इसका मुँह नहीं देखना." हे घेऊन आले. वर काही नाही, एका खोक्यावर बसून हाकत आनली. गावात मानसं हासत.

"काहून गा, उघडीच फिरवतं का बिचारीले? कपडे कवा घालतं?"

"शिंप्याकडं टाकले हायेत," हे म्हनत. दोन वर्सात पहिल्यांदा त्याईच्या तोंडून मी मस्करी आइकली.

कपडे त्याईनं मालगुजाराच्या, म्हनजे गावच्या जुन्या जमीनदाराच्या, वाडीत पाहून ठेवले होते. इंग्रजाच्या वेळची मोटर होती तिथं, काळी, चाकावर मोठ्ठे गोल मडगार, दरवाजाले पितळेच्या मुठी. इंजन कवाचंच गेलं होतं. तिच्यात कोंबड्या राहत. मालगुजारीनबाई म्हनल्या, "न्या बापा ते धूड, पन आता मागच्या सीटवर कोंबडी बसली हाये अंड्यावर. पिल्लं निघेपर्यंत थांबा." हे थांबले. रोज सकाळी जाऊन पाहून येत, पिल्लं निघाले का म्हनून. मामाजी म्हनले, "सुनेच्या बाळंतपनाची वाट पाह्याच्या दिवसात हा कोंबडीच्या बाळंतपनाची वाट पाहून राह्यला."

कारन मले तवा तिसऱ्यांदा दिवस गेले होते. मी ह्याईले सांगतलं तवा हे पानी प्याले. मंग म्हनले, "ह्या बारीले बंडी नाही."

एवढंच. त्यावरून मले समजलं की गाडी कोनासाठी बनून राह्यली हाये.

आता तुम्ही म्हनान की खालची चेसी चालत होती तं तशीच कामात आनाची होती, खोक्यावर खाट बांधाची होती. मी पन तेच मनात म्हनलं. पन मामाजी म्हनले, "माही सून उघड्या लोखंडावर निजून राजेगावच्या बजारातून जाईन? लोकं दुकानातून उठून पाह्यतीन. तसं न्यायपेक्षा बंडी बरी." ह्याईनं मान हालवली. त्याईलेही तसंच वाटत होतं. बाईमानसाची लाज झाकाले बॉडी पायजे होती.

जेठात, पानी पडाच्या आधी, बॉडी चेसीवर बसवली. आमच्याकडं घराचं छप्पर खाली जमिनीवर बांधतात अन् सारा मोहल्ला मिळून उचलून भिंतीवर ठेवते. मामाजी त्याचे हाक देनारे. कोनाचंही छप्पर असो, मामाजी समोर उभं राहून हाक देत, तवाच मानसं एका दमात उचलत. तशीच ही बॉडी उचलली. खालून चार बांबू घातले, वीस मानसं लागले. मामाजीनं हात वर केला. "धरा हो! लावा खांदा! हो... हो... बसव!" बॉडी चेसीवर बसली. लोकाईनं गूळ-चने खाल्ले. एक म्हातारा म्हनला, "छप्पर तं चढलं, आता भिंती कोनत्या?" सारे हासले, मी पन चुलीजवळ पदर तोंडाले लावून हासली.

मंग खरं काम होतं. बॉडीले खालून जुने भोकं होते, नट-बोल्टाचे. चेसीलेही होते. पन एकाचंही भोक दुसऱ्याच्या भोकावर येत नव्हतं. दोन बोटं इकडं, चार बोटं तिकडं. ती मोटर वेगळी, ही जीप वेगळी, येईनच कसं? तं ह्याईनं चेसीवर आठ ठिकानी खडूनं गोल काढले. तिथं नवे भोकं पाडाचे, बोल्ट टाकाचे, मंग वरची बॉडी अन् खालची चेसी एक होनार. लोहारानं हातानं फिरवाचं ड्रिल आनलं. पहिल्या गोलावर टोक ठेवलं.

आत्याबाई घरातून आल्या अन् लोहाराच्या हाताले हात लावला.

"काय करून राह्यला?"

"भोक पाडतो माय. आठच हायेत."

"घरात पोटुशी बाई हाये. पाचवा लागला तिले. घरच्या कोनत्याच वस्तूले भोक पडनार नाही, खिळा ठोकल्या जानार नाही. दुसऱ्याच्या वेळी यानं कवाडाले नवी कडी ठोकली होती. पाह्यलं ना काय झालं?"

हे म्हनले, "माय, कडीनं काही होते का?"

"मले नाही माहीत कशानं होते. तुले माहीत हाये का?"

ह्याईले माहीत नव्हतं. मलेही नव्हतं. दोन गेले होते अन् कशानं गेले हे कोनालेच सांगता येत नव्हतं, म्हनून नाही म्हनाची कोनाची हिंमत झाली नाही. हे म्हनले, लोहाराच्या घरी नेऊन पाडतो. आत्याबाई म्हनल्या, कुठीही ने, गाडी ह्या घरचीच हाये.

लोहारानं ड्रिल उचललं. "दोरानं बांधा मंग," तो म्हनला, "बाळंतपन झालं की मले बोलवा."

"दोर चालते," आत्याबाई म्हनल्या. "गाठ सोडता येते. भोक बुजवता येत नाही."

मामाजीनं अंबाडीचे नवे नाडे वळले, बैलबंडीच्या नाड्यापेक्षा जाड. ह्याईनं बॉडी अन् चेसी मिळून आठ जागी बांधली, गोल काढलेल्या जागेजवळच. मधात टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले. नाडे ओले करून आवळले, वाळले की लोखंडासारखे झाले. आठ नाडे, आठ गाठी. खडूचे गोल तसेच राह्यले. मी आंगन झाडाले जायची तवा वाकलं की दिसत.

गाडी चालत होती. हे तिले घेऊन राजेगावपर्यंत जाऊन येत. रोज सकाळी आठही गाठी हातानं दाबून पाहत, जसं वैद्य नाडी पाह्यते तसं.

आता मले जे सांगाचं हाये त्यातलं पहिलं सांगतो.

माही मोठी बहीन, तिले मी बाई म्हनो, बालाघाटले होती. तिचे मालक कचेरीत चपरासी, टेसनच्या मागं दोन खोल्या. दवाखाना तिच्या घरापासून पायी जाता येईन एवढ्यावर. तिनं दोनदा निरोप पाठवला होता, सातवा लागला की इकडं ये, बाळंतपन इथं करू. माहं मन तिकडं लागलं होतं. मले गाडी नको होती. मले फक्त दवाखान्याजवळ राह्याचं होतं. पन हे कोनाले सांगू? आत्याबाईले सांगाची हिंमत नाही. एक दिवस हे गाडीखाली निजून काही करत होते, बाहेर नुसते पाय दिसत होते. तोंड दिसलं असतं तं मी बोलली नसती. पायाले पाहून बोलली.

"आइकलं का? मी बाईकडं जाऊ का बालाघाटले? महिनाभर राह्यन."

खालचा नट पिळाच्या पान्याचा आवाज थांबला. मंग खालूनच म्हनले,

"मंग हे मी कायले करून राह्यलो?"

रागानं नाही म्हनले. तसं म्हनले असते तं मी आनखी एकदा बोलली असती. ते असं म्हनले की जसं लेकरू आपलं खेळनं दाखवते अन् आपन पाह्यलंच नाही. मी त्याईच्या पायाकडं पाहत राह्यली. टाचाईले भेगा पडल्या होत्या. मी म्हनली, "असंच इचारलं." अन् घरात गेली. पुन्हा मी तो विषय काढला नाही. तो एक दिवस सोडला तं त्या नऊ महिन्यात मले काय पायजे हे मी कोनाले सांगतलं नाही, अन् कोनी इचारलंही नाही. सारे माह्यासाठीच करून राह्यले होते.

कातिक लागला, धान कापनीले आलं. त्या दिवशी सकाळी, मी तांदूळ निवडत होती, तवा कळ आली. हे गाडी काढू म्हनले. सुईन म्हनली, "थांब बापू, आता तं सुरू झालं. ही तिसऱ्यांदाची हाये, पटकन होऊन जाईन. रस्त्यात नको पुन्हा." तेही खरंच होतं. रस्त्याचं नाव काढलं की साऱ्याईले ती बंडी आठवे. तं थांबले. दिवस डोक्यावर आला, काही नाही. कळा येत अन् तिथंच थांबत. सुईनीनं पोटाले हात लावला अन् तिचं तोंड मी पाह्यलं.

"अडलं," ती म्हनली. "घरातल्या गाठी सोडा."

आमच्याकडं अशी रीत हाये. बाई अडली की घरात जे-जे बांधलेलं हाये ते सोडाचं, जे लावलेलं हाये ते उघडाचं, म्हनजे तिचीही वाट मोकळी होते. आत्याबाईनं माहे केस सोडले. माह्या गळ्यातला काळा दोरा काढला. पेटीचं कुलूप उघडलं. धानाच्या पोत्याचं तोंड सोडलं, धान सांडलं तं सांडू देल्लं. गाय सोडली, वासरू सोडलं, ते सरळ गाईले जाऊन लागलं. कपडे वाळवाची दोरी सोडली. मी खाटेवर होती, दरवाजातून आंगन दिसत होतं. हे तवा लोहाराले बोलवाले गेलते, गाडीचं हँडल मारायले दुसरा मानूस पायजे म्हनून. मामाजी कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसले होते.

मी पाह्यलं, आत्याबाई गाडीजवळ गेल्या.

त्या खाली बसल्या अन् गाठ सोडाले लागल्या. पक्की गाठ होती, बोटाईनं सुटेना, त्याईनं दातानं ओढली. एक सुटली. मंग दुसरी. नाडे तसेच गुंडाळलेले राह्यले, नुसती गाठ सुटली, म्हनून दुरून पाह्यलं तं बांधलेलीच दिसे. मी मोजून राह्यली होती. तीन. चार. मले माहीत होतं की ह्या गाठी गाईच्या दोरासारख्या नाही. मले समजत होतं. सांगावं म्हनून तोंड उघडलं अन् कळ आली. कळ गेली तवा मले वाटलं, हे येतीन, हात लावून पाह्यतीन, रोज तं पाह्यतात. अन् खरं सांगतो, मले असंही वाटलं की सोडू द्या. सुटलं तं मी पन सुटन. सहा गाठी त्याईनं सोडल्या. दोन सुटल्या नाही, नख तुटलं, बोटातून रक्त आलं, तवा उठल्या.

हे अन् लोहार धावत आले. सुईन म्हनली, "आता न्या. माह्या हातचं नाही." त्या दिवशी गाठी पाह्याची सवड कोनाले होती? लोहारानं हँडल मारलं, इंजन लागलं. मले मागच्या सीटवर निजवलं, जिथं कोंबडी बसली होती तिथंच. सुईन पायाजवळ, आत्याबाई डोक्याजवळ. मामाजी अन् लोहार मागं राह्यले. दरवाजे लावले, काचाईले लुगडं लावलं, बाहेरून कोनाले काही दिसू नये म्हनून.

शेताच्या रस्त्यानं गाडी हळू-हळू गेली. राजेगाव गेलं. रोड लागला. आत्याबाई म्हनत होत्या, "आलंच पोरी, आलंच." मले वाटलं, ह्या बारीले पोचतो.

मधात एक नाला लागते, त्यावर रपटा. रोड खाली उतरते, पान्यावरून जाते अन् वर चढते. उतारावर बंडी समोर आली. ह्याईनं ब्रेक दाबला. खालची गाडी थांबली. वरची नाही थांबली.

आवाज मोठा झाला नाही. घसरल्यासारखं झालं फक्त, अन् सारं समोर तिरपं. मडगार चाकावर बसला, चाक अडकलं. स्टेरिंगचा दांडा चेसीले होता, तो जाग्यावर राह्यला, अन् बसाची सीट बॉडीची, ती पुढं सरकली. हे दोन्हीच्या मधात दबले. छातीवर स्टेरिंग. मी मागून त्याईची मान पाहून राह्यली होती.

"मले राहू द्या," हे म्हनले, "तिले काढा."

दरवाजे दबले होते, उघडत नव्हते. पितळेची मूठ आत्याबाईच्या हातात आली.

कापनीवाले मानसं शेतातून धावत आले. वीसेक असतीन. ओढत, ढकलत, एक इकडून, एक तिकडून. "अगा मागून उचल!" "तू तं सोड पहिले!" "समोर दगड लाव रे!" काही हालेना. सावली ह्या बाजूची त्या बाजूले गेली. मी आत निजून आइकत होती. मंग आत्याबाई खिडकीतून निघाल्या, डोक्यावरचा पदर पडला तो त्याईनं घेतला नाही, अन् रोडावर उभं राहून त्याईनं हाक देल्ली. मामाजी छपराले देतात तीच.

"बंडीचे बांबू घाला खालून! धरा हो! लावा खांदा! हो... हो... उचल!"

बाईची हाक त्या मानसाईनं कधी आइकली नसन. पन त्याईनं खांदा लावला. बॉडी वर उचलली, हे मोकळे झाले, मले अन् सुईनीले काढलं, अन् बॉडी नेऊन नाल्याच्या काठाले ठेवून देल्ली. चेसी रोडावर उभी, जशी पहिल्या दिवशी आली होती तशी. त्यावर समोरच्या बंडीच्या फळ्या टाकल्या, फळ्यावर धानाच्या पेंढ्या टाकल्या, अन् मले निजवलं. उघड्यावर. हे उभ्यानंच हाकत होते, एक हात छातीले लावून. बालाघाटच्या बजारातून मी तशीच गेली. लोकं दुकानातून उठले का नाही, मले माहीत नाही. मी वर पाहत होती. तारा होत्या, त्यावर पाखरं बसले होते.

पोरगी झाली. रडली. आधीचे दोन रडले नव्हते, म्हनून मले वाटलं आता झालं सारं नीट. तिचा आवाज बारीक होता, मांजरीच्या पिलासारखा. नर्सबाईनं तिले पुसलं, अन् ह्याईले म्हनल्या, "दो घंटा पहले ले आते भैया."

माही पोरगी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. तिनं माहं बोट धरलं होतं. मंग सोडलं.

घरी आली तवा आंगनात धान सांडलेलं तसंच होतं, चिमन्या खाऊन गेलत्या. ह्याईनं जेवन सोडलं. एकच बोलत, "माह्या गाठी सुटल्या. मीच कच्च्या बांधल्या. रोज पाहत होतो अन् त्याच दिवशी पाह्यल्या नाही." मी तिथंच भाकर थापत होती. आत्याबाई तिथंच होत्या. मी बोलली असती तं आत्याबाईचं नाव घ्या लागलं असतं. अन् मंग मी पाह्यलं हेही सांगा लागलं असतं.

अघ्घनात, कातिकाच्या पुढच्या महिन्यात, ह्याईनं नाल्यावरून बॉडी आनली. पुन्हा मोहल्ला आला, मामाजीनं हाक देल्ली, पन ह्या बारीले कोनी हासलं नाही. खडूचे गोल पुसले होते, हे नवे काढाले लागले. लोहार ड्रिल घेऊन आला. आता घरात कोनी पोटुशी नव्हती. आठही भोकं एका दिवसात पाडाचे होते.

हे खाली निजून ड्रिल फिरवत होते. आत्याबाई आल्या अन् जमिनीवर बसल्या, बोल्टाचं टोपलं मांडीवर घेतलं. एक भोक पडलं की एक बोल्ट हातात देत. तीन झाले, चार झाले. मी तुळशीजवळ उभी होती. पाचव्या बोल्टाले त्याईनं हात पुढं केला, पन बोल्ट सोडला नाही.

"बापू," त्या म्हनल्या, "गाठी तुह्या पक्क्या होत्या. म्या सोडल्या."

खालचा आवाज थांबला. मले पुन्हा नुसते पायच दिसत होते.

"सहा सोडल्या. दोन नाही सुटल्या मले."

लोहार उठून विहिरीकडं गेला, पानी प्याचं निमित्त करून. मले वाटलं आता हे बाहेर येतीन, काय करतीन, काय म्हनतीन. मंग ड्रिल पुन्हा फिराले लागलं. हळू. लोखंडाचा भुसा खाली पडला. हात बाहेर आला.

"दे माय," हे म्हनले. "बोल्ट दे."

त्या दिवसापासून ह्याईनं जेवन धरलं. आत्याबाईनं आपल्यावर घेतलं अन् पोराले मोकळं केलं. मी पाहत होती, मले आवाज काढता आला असता का नाही, हे मी कोनालेच सांगतलं नाही. हे गेले त्याले लय वर्सं झाले. आज पहिल्यांदा सांगून राह्यली. मी पाह्यलं होतं.

गाडी बनली. चांगली बनली, दूरदूरचे लोकं पाह्याले येत. लग्नात नवरदेव बसवाले नेत. अडलेल्या बाया नेत, त्याले हे कोनत्याही वेळी उठत. मी तिच्यात बसली नाही.

चौथ्यांदा दिवस गेले, सातवा लागला, तवा मी कोनाले इचारलं नाही. पेटीत दोन लुगडे टाकले अन् आत्याबाईसमोर जाऊन उभी राह्यली. म्हनली, "मी बाईकडं चालली." आत्याबाईनं माह्याकडं पाह्यलं. उठल्या, पोह्याचं गाठोडं बांधाले घेतलं, अन् बांधता-बांधता थांबल्या. गाठ मारलीच नाही. फडक्याचे चार कोपरे नुसते मुठीत धरून माह्या हातात देल्ले. "असंच धर," म्हनल्या.

गाडी दारात उभी होती, हे गाडीजवळ उभे होते. दरवाजा उघडून ठेवला होता. मी त्याईच्या बाजूनं गेली अन् सकाळची बस धरली. राजेगाव सुटलं तवा बसमधली एक बाई म्हनली, "अवो, मांगून कोनाची मोटर येऊन राह्यली? घाई असन तं समोर काहून काढत नाही?" मी वळून पाह्यलं. काळी गाडी, रिकामी, हे एकटे हाकत होते. बस थांबली की थांबत. बस चालली की चालत. नाल्याच्या रपट्यावर बस उतरली, गाडीही उतरली. बालाघाटच्या टेसनपर्यंत तसे आले. मी उतरली तवा दूरच उभे राह्यले. मी बहिनीच्या घराकडं वळली, मंग गाडी वळल्याचा आवाज आला.

तो पोरगा जगला. त्याच्याच घरी बसून हे लिहून राह्यली.

जो कोनी हे वाचन त्याले माहं एवढंच सांगनं हाये. तुमच्या घरात पोटुशी बाई असन, तं तिच्यासाठी काही करू लागाच्या आधी तिले एकदा इचारा की तुले कुठं राह्याचं हाये. समोर बसून इचारा, तिचं तोंड पाहून. अन् ती म्हनन तिथं तिले वेळेच्या आधी नेऊन ठेवा.